दोनदा दिलेली हाक

"आजोबा, एखाद्या दिवशी संध्याकाळची हाक दिलीच नाही, तर काय येतं हो?"

प्रश्न सालोमेचा नव्हता. येनी आणि फाबिएन या तिच्या वर्गातल्या दोन आगाऊ मैत्रिणींनी तिला विचारायला लावला होता. दोघी त्या शुक्रवारी वर कुरणावर आल्या होत्या. दिवसभर ताक ढोसून उन्हात लोळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "विचारून दाखव! नाहीतर तू नुसतीच तोंडाची वाफ."

सालोमेने विचारलं. भर जेवणात.

आजोबांनी काटा खाली ठेवला.

"ज्यांनी विचारायला लावलंय ना," ते म्हणाले, "त्यांना सांग, आपापल्या घरी गप टीव्ही बघत बसा."

बस्स. एवढंच उत्तर.

मग ते उठले, खुंटीवरचं दूध गाळायचं लाकडी नरसाळं काढलं आणि हाक द्यायला बाहेर गेले. रोजच्यासारखेच.

पण बटाटे ताटात अर्धे तसेच राहिले... आणि आम्ब्रोस आजोबांनी ताटात बटाटा टाकलेला आजवर कोणी पाहिलेला नाही.

आता जे सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं. आणि ते खरं आहे. अक्षर न् अक्षर. ज्यांना हसायचंय त्यांनी इथेच हसून घ्यावं, पुढे जागा मिळणार नाही.

ठिकाण, ऊरीच्या डोंगरातलं रोटबोडेन. हिंटरबाख गावाच्या थेट डोक्यावरचं कुरण, अख्ख्या गावाची गुरं उन्हाळाभर इथेच चरतात. दिवस, ऑगस्टमधला शनिवार. सुट्टीतला शेवटचा. सोमवारी सालोमेची नववी सुरू होणार होती.

हाकेचं म्हणाल तर ती अशी. दिवस मावळला की कुरणावरचा एक जण घरापुढच्या लाकडी क्रूसापाशी उभा राहतो. नरसाळं तोंडाला लावतो आणि चारी दिशांना हाक देतो. त्यात मारियाचं नाव, मग गुराढोरांच्या संतांची: वेन्डेलीनचं नाव, आन्टोनीचं, गालसचं. जिथवर आवाज पोचेल तिथवरची माणसं, गुरं, गवत, छप्पर, सगळं रात्रभर राखलं जावं म्हणून.

रोटबोडेनवर ती आजोबा देत. पाऊस असो, ताप असो, घरात भांडण असो.

दिवसातून एकदा. एकदाच.

शनिवारी सकाळी आजोबा गोठ्याच्या उंबऱ्यावर घसरले. खुब्यात काहीतरी कट्कन वाजलं. त्यांना ब्लँकेटात गुंडाळून रोपवेच्या पाळण्यात आडवं ठेवलं. खाली गावात ॲम्ब्युलन्स उभी होती. पाळणा सुटायच्या आधी त्यांनी सालोमेच्या बाबांची कॉलर धरली.

"किलियान. संध्याकाळी. सूर्य गेल्यावर. कळलं?"

"हो हो, देतो मी हाक. तुम्ही आधी हॉस्पिटल गाठा."

"सूर्य गेल्यावर!"

"अहो हो, बाबा! किती वेळा सांगाल?"

हे सालोमेने शेजारी उभं राहून ऐकलं. स्वतःच्या कानांनी. शब्द दिला होता बाबांनी. म्हणूनच पुढे तिचं डोकं एवढं फिरलं.

तसं ते दोन उन्हाळे फिरलेलंच होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी बाबांना पाहुण्यांचं खूळ लागलं. शनिवार-रविवार शहरातली मंडळी पाळण्याने वर येणार. सकाळी कड्याच्या वाटेने चालणार, ज्यांना हौस आहे ते छत्री बांधून वरून उड्या मारणार. दुपारी आईच्या हातची चीज घातलेली मॅक्रोनी-बटाटा खाणार, वर तळलेला कांदा, शेजारी शिजवलेल्या सफरचंदाचा गर. "काय हवा! काय शांतता!" असं शांततेची वाट लागेल इतक्या मोठ्यांदा ओरडणार.

आणि साडेपाचला, चीजच्या ताटाबरोबर, हाक.

साडेपाचला! सूर्य टाळूवर असताना! का, तर शेवटचा पाळणा सव्वासहाला.

आजोबांनी साफ नकार दिला होता. "तुझा तमाशा वेगळा, माझी हाक वेगळी." मग बाबाच नरसाळं घेऊन उभे राहायचे. आजोबा तोवर गोठ्यात बसायचे, बाहेर डोकावायचे नाहीत. पाहुणे खाली गेले, दिवस बुडाला, की चुपचाप क्रूसापाशी जाऊन खरी हाक द्यायचे.

म्हणून दोन उन्हाळे काही झालं नव्हतं.

त्या शनिवारी गोठा रिकामा होता.

"सालोमे, तो कशिदा काढलेला ब्लाऊज घाल," बाबा म्हणाले. "आणि नरसाळं हातात धरून दाराशी उभी राहा. लोकांना फोटो हवे असतात."

"म्हणजे धरायला मी चालते?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे हाक द्यायला नको, फोटोला हवी."

"मार्लिस," बाबांनी आईला हाक मारली, "तुझ्या लेकीला जरा समजाव."

"पाहुणे गेल्यावर भांडा गं," आई चुलीपासून ओरडली. "माझा कांदा जळतोय!"

सालोमेने ब्लाऊज घातला. नरसाळं धरलं. ओठ घट्ट मिटले.

एक सांगायला हवं. वर्षापूर्वी ही मुलगी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा पुटपुटायची. मग हिवाळ्यात शाळेच्या कार्यक्रमात गाणारी मुलगी आयत्या वेळी आजारी पडली. बाईंनी हिला पुढे ढकललं आणि हिच्या गळ्यातून जे काही बाहेर पडलं, त्याने अख्खा हॉल उठून उभा राहिला. तेव्हापासून सालोमेला कळलं होतं की आपल्याला आवाज आहे. आणि त्याच दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. हाक.

बाबा म्हणत, ते पुरुषांचं काम.

पाहुण्यांमध्ये लाल जाकीट घातलेली एक बाई होती. हसरी, बडबडी. तिने सालोमेचे बरेच फोटो काढले आणि विचारलं, "तू पण देतेस का गं हाक?"

सालोमेने तोंड उघडलं.

"ही?" बाबाच मध्ये बोलले. "हिचा आवाज ऐकला तर गाई दूध आटवतील!"

सगळं टेबल हसलं.

सालोमेने नरसाळं बाबांच्या हातात कोंबलं आणि जाऊन पाण्याच्या डोणीवर बसली. कान तापून लाल झाले होते.

बाबा क्रूसापाशी गेले. ऊन कडक होतं. त्यांनी नरसाळं तोंडाला लावलं आणि सुरू केलं. आवाज चांगला होता त्यांचा, नाही कशाला म्हणा. पण अर्ध्यावर पोचतात न पोचतात तोच कोणाचा तरी फोन खणखणला.

बाबा थांबले. मधेच! हाकेच्या मधेच!

"एक मिनिट हं," ते हसून म्हणाले. "घ्या घ्या, फोन घ्या. आमचे संत काही घाईत नाहीत."

पाहुणे खो खो हसले. बाबांनी उरलेली हाक पूर्ण केली. टाळ्या पडल्या.

"फारच सुंदर!" लाल जाकीटवाली ओरडली. "पुन्हा एकदा, प्लीज! माझं रेकॉर्डिंग झालंच नाही."

सालोमे ताडकन उठली. "बाबा, हाक दोनदा देत नाहीत."

"आज देतात," बाबा म्हणाले.

आणि त्यांनी ती पुन्हा दिली. पहिल्यापासून.

डोणीत पडणारी पाण्याची धार तेवढ्यापुरती थांबली... आणि पुन्हा सुरू झाली. सालोमेला वाटलं, वर झऱ्यात पालापाचोळा अडकला असेल. तेव्हा तरी तसंच वाटलं.

सव्वासहाला पाहुणे गेले. लाल जाकीटवाली पाळण्यातून हात हलवत राहिली, ठिपका होईपर्यंत. गाईंचं दूध काढून झालं, त्या रात्रीच्या चरणीसाठी वरच्या उतारावर गेल्या. त्यांच्यात सालोमेची गेम्शी होती. वासरू असल्यापासून सालोमेने बाटलीने वाढवलेली, आता पहिलटकरीण. तिच्या घंटेचा आवाज सालोमे झोपेतही ओळखायची. किंचित फुटका. टोंक... टोंक...

उन्हाने समोरचा कडा सोडला. मग शेंडे सोडले.

सालोमे स्वयंपाकघरात गेली. बाबा ग्लास पुसत होते.

"बाबा, हाक."

"झाली की. दोनदा झाली."

"ती हाक नव्हती."

"मग काय होतं ते? बेडकाचं डरावणं?"

"तुम्ही आजोबांना शब्द दिलाय! सूर्य गेल्यावर म्हणून!"

"सालोमे, मी पहाटेपासून उभा आहे. आज आजोबांना खाली पाठवलं, इतक्या लोकांना जेवू घातलं. उद्या देतो की. दुप्पट मोठ्याने देतो, मग तर झालं?"

"मग मला देऊ द्या!"

"नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

"फोटोपुरती मुलगी हवी तुम्हाला!" सालोमे एवढ्या जोरात ओरडली की चुलीवरचं झाकण थरथरलं. "अख्ख्या दुनियेसमोर खोटी हाक द्यायला चालते, आणि खऱ्या हाकेला दमायला होतं! लाज वाटू दे जरा!"

"सालोमे!" आई म्हणाली.

पण सालोमे बाहेर पडली होती. दार आपटून.

ती पुन्हा डोणीवर जाऊन बसली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रडू नव्हतं. राग होता नुसता. निळसर अंधारून येत होतं. खडकांतले मार्मोट, त्या मांजराएवढ्या डोंगरखारी, शेवटची शीळ घालून बिळात जातात ती वेळ.

शीळ आली नाही.

तिने वाट पाहिली. नाहीच.

मग तिच्या लक्षात आलं, घंटाही वाजत नाहीयेत. गाई चरत असल्या की घंटा थांबत नाहीत. इकडे एक, तिकडे एक, कुठेतरी सतत वाजतच असते. आता एकही नाही. सगळ्या गाई एकाच वेळी मान वर करून उभ्या राहिल्यासारख्या.

ऐकत असल्यासारख्या...

आणि मग हाक आली.

बाबांच्या आवाजात. खणखणीत. नरसाळ्यातून घुमणारी.

सालोमेच्या छातीवरून धोंडा उतरला. शेवटी गेले तर! तिला हसूच आलं. ओरडल्याचं थोडं वाईटही वाटलं. ती क्रूसाकडे वळली.

क्रूसापाशी कोणी नव्हतं.

हाक पलीकडून येत होती. काळ्या घळीतून.

काळी घळ म्हणजे उताराच्या टोकाची फट. तिथे गवत नाही, वाट नाही, नुसता घसरता मुरूम आणि खाली खोल पाणी. तिथे माणूस उभाच राहू शकत नाही.

सालोमेने सावकाश मान फिरवली.

बाबा घराच्या दारात उभे होते. एका हातात फडका, दुसऱ्या हातात ग्लास.

त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

हाक चालूच होती...

"बाबा," सालोमे पुटपुटली. "तो तुमचा आवाज आहे."

बाबा ग्लास पुसत राहिले. तोच ग्लास. पुन्हा, पुन्हा.

आणि मग तिला दुसरी गोष्ट कळली. हाकेत भोकं होती. जिथे मारियाचं नाव यायला हवं, तिथे काही नाही. नाव घ्यायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढी शांतता. मग पुढचे शब्द. वेन्डेलीनच्या जागी शांतता. आन्टोनीच्या जागी शांतता. कोणीतरी एकेक नाव दातांनी कुरतडून काढल्यासारखं.

राहिलं काय? "जिथवर हा आवाज जाईल तिथवरची माणसं, गुरं, गवत, छप्पर, सगळं..."

सगळं कोणाच्या हवाली? ते नावच नव्हतं.

अर्ध्यावर येऊन हाक थांबली.

"एक मिनिट हं," घळ म्हणाली. बाबांच्या आवाजात. हसत. "घ्या घ्या, फोन घ्या."

आणि घळीत माणसं हसली. खूप माणसं. खो खो.

आई दारात आली होती. तिने भिंत धरली.

"किलियान... कोण आहे तिकडे?"

तेवढ्यात घंटा पुन्हा सुरू झाल्या. पण चरताना वाजतात तशा नाहीत. एकामागून एक. एका तालात. रांगेत चालणाऱ्या गाईंच्या.

गाई हाकेकडे निघाल्या होत्या.

टोंक... टोंक... सगळ्यांत पुढे गेम्शी.

बाबांच्या हातातला फडका गळून पडला. ते उतारावर धावत सुटले. "हो! या, या, या! मागे या! हो!" रोज सकाळी ज्या आवाजाने गाई गोठ्यात यायच्या, तोच आवाज, तेच शब्द.

घंटांचा ताल वाढला.

गाई पळायला लागल्या. घळीकडे.

बाबा आणखी जोरात ओरडले. गाई आणखी जोरात पळाल्या. जितका बाबांचा आवाज वाढेल, तितकी घळीतली हाक वाढत होती. दोन्ही आवाज एकमेकांत असे मिसळले होते की कोणता पुढचा आणि कोणता मागचा, ते गाईंना कसं कळणार? सालोमेलाच कळत नव्हतं.

"बाबा, गप्प बसा!" ती किंचाळली. "बोलू नका! तुमच्याच आवाजाने जातायत त्या!"

बाबा थांबले. दोन्ही हात तोंडावर दाबून गवतात गुडघ्यांवर बसले.

घळीतला आवाज थांबला नाही.

सालोमे आत धावली. खुंटीवरून नरसाळं ओढलं. आईने तिचा दंड धरला. "नको गं! बाहेर नको, ऐक माझं!"

"माझी गेम्शी आहे तिकडे!" सालोमेने दंड सोडवला. "अख्ख्या गावाची गुरं आहेत!"

ती क्रूसापाशी उभी राहिली. त्या क्षणाचं तिला दुसरं काही आठवत नाही. राग आठवतो. बाबांचा राग, त्या हसणाऱ्या टेबलाचा राग, आणि सगळ्यांत जास्त त्या घळीतल्या कोणाचा. हाक चोरतोस? आमची हाक? आणि तीही कुरतडून?

तिने घसा खाकरला. नरसाळं तोंडाला लावलं.

पहिला स्वर फाटला. गाय हंबरावी तसा. घळीत कोणीतरी हसलं.

बस्स, तेवढं पुरे होतं तिला.

दुसरा स्वर फाटला नाही. तो सरळ गेला. उतारावरून, गाईंच्या पाठीवरून, पलीकडच्या कड्यावर आपटून परत आला. तिने मारियाचं नाव घेतलं, पूर्ण. वेन्डेलीनचं घेतलं. आन्टोनीचं, गालसचं. जी जी नावं कुरतडलेली होती ती ती तिने अशी घेतली, जशी कोणी खिळ्यावर हातोडी घालावी.

घंटा अडखळल्या.

माणसं, गुरं, गवत, छप्पर. तिने एकेक शब्द लांबवला. श्वास संपत आला तरी सोडला नाही.

घंटा थांबल्या.

आणि मग... टोंक... टोंक... इकडे. घराकडे. सावकाश. गेम्शी येत होती आणि तिच्यामागे बाकीच्या.

सालोमेने हाक संपवली. नरसाळं खाली घेतलं. क्रूसाला पाठ टेकली.

पूर्ण शांतता.

आई पुढे आली. तिने सालोमेच्या खांद्यावर हात ठेवला. काही बोलायला तोंड उघडलं.

"फारच सुंदर!" आवाज आला.

आईचा नव्हता.

घळीतून आला होता. हसरा. बडबडा. लाल जाकीटवालीचा. ती बाई एव्हाना शहरातल्या आपल्या घरी पोचली असेल.

"पुन्हा एकदा, प्लीज!"

कोणी हललं नाही.

"पुन्हा एकदा."

हे जरा जवळून आलं. घळीतून नाही. अलीकडून.

आईने तळहात सालोमेच्या तोंडावर दाबला. घट्ट. सालोमे काही बोलणार होती असं नाही, तरीही. बाबा गवतातून उठले. एक शब्दही न बोलता त्यांनी दोघींना धरलं आणि गाईंच्या मागोमाग गोठ्यात ढकललं. आतून अडसर घातला.

त्या रात्री तिघं गोठ्यातच बसून राहिली, गाईंच्या अंगाला अंग लावून. बाहेर पुन्हा काही आलं नाही. पण डोणीत पडणारी पाण्याची धार थांबायची... आणि पुन्हा सुरू व्हायची. कोणीतरी तोंड लावून पाणी प्यावं तशी.

आजही शाळेत बाई कोणाला सहज "पुन्हा एकदा म्हण" म्हणाल्या, की सालोमे आधी खिडकीबाहेर बघते.

उजाडलं. रविवार. आकाश असं निळंशार की काल काही घडलंय यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. गाई धड होत्या, एकीला ओरखडासुद्धा नाही. त्यांना जवळच्या तुकड्यात चरायला सोडलं. सालोमेने हॉस्पिटलात फोन लावला.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू किती वेळा दिलीस?"

"एकदाच."

पलीकडे पलंग करकरला.

मग ते कोणावर तरी खेकसले, "ओ ताई! माझी पँट कुठे ठेवलीत? मला वर जायचंय!" आणि नर्सने फोन काढून घेतला. खुबा मोडलाय, ती म्हणाली. बर्फ पडायच्या आधी काही ते वर येत नाहीत.

दुधाची वेळ झाली. बाबा गोठ्याच्या दारात उभे राहिले. सवयीने हात तोंडाशी नेला. "हो! या, या..."

सगळ्या गाईंनी एकदम माना वळवल्या.

बाबांकडे नाही.

घळीकडे.

बाबांनी तिथेच तोंड मिटलं. त्यांचा चेहरा ताकासारखा पांढरा पडला. सालोमेने नुसतं "गेम्शी, चल गं" म्हटलं, तेव्हा कुठे गाई आल्या.

आणि एक गोष्ट सालोमेने तोपर्यंत कोणालाच सांगितली नव्हती. पहाटे बादली भरायला ती एकटी डोणीवर गेली होती तेव्हाची. घळीतून आवाज आला होता. हाक नाही. शब्दसुद्धा नाही.

कोणीतरी घसा खाकरला होता. बारीक आवाजात.

मुलीच्या...

न्याहारीला तिघं टेबलाशी बसली. आईने ब्रेड कापला, कोणी घेतला नाही. बाबा टेबलाकडे बघत होते.

"दहाच्या पाळण्याने पाहुणे येतायत," ते कुजबुजत म्हणाले. "त्यांनी हाकेसाठी म्हणून..."

"बाबा!"

"...काय सांगू त्यांना?"

सालोमेला वाटलं, आता आपण ताट फेकणार. कालची रात्र सरून जेमतेम काही तास झाले होते आणि या माणसाला पाहुणे आठवत होते! मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं की ते मोठ्याने बोलतच नाहीयेत. बोलताना खिडकीकडे बघतायत. त्यांना पाहुणे नको होते. तिने नाही म्हणावं, हे त्यांना हवं होतं.

त्याचाही तिला राग आला. हेसुद्धा मीच करायचं?

"सालोमे," आई हळूच म्हणाली, "तू दुपारच्या पाळण्याने खाली जा. मावशीकडे राहा. उद्या शाळा आहे तुझी."

"आणि संध्याकाळी?"

आईने ब्रेडची सुरी खाली ठेवली.

"संध्याकाळी कोण, आई? आजोबा हॉस्पिटलात. बाबांनी तोंड उघडलं तर गाई घळीत. तू देणारेस?"

आईने कापलेला ब्रेड पुन्हा फडक्यात गुंडाळला.

सालोमे उठली. तिचे कान पुन्हा तापले होते. त्या घसा खाकरण्याचं ती आताही बोलली नाही. बोलली असती तर आईने तिला उचलून पाळण्यात बसवलं असतं.

"मी उद्या शाळेत जाणार नाही," ती म्हणाली. "परवाही नाही. गुरं खाली उतरेपर्यंत मी इथेच राहणार. सूर्य गेल्यावर हाक मी देणार. एकदाच. पाहुणे दहाला आले तर तोच पाळणा त्यांना परत घेऊन जाईल. आणि बाबा, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंत की तुम्ही तोंड उघडायचं नाही, शिंक आली तरी दाबायची."

"अगं पण..." बाबा म्हणाले.

"मी विचारत नाहीये, बाबा. सांगतेय."